गेरूत भिजलेलं सूत

कुंडीला गेरू फासल्याचा वास आला की मला आमची नवघरची खोली आठवते आणि गेरूच्या पाण्यात बुडवलेलं बाबांचं सूत. बाबा सुतार. फळीवर सूत ताणून ते फट्कन सोडायचे. उमटलेली लाल रेघ बघून घोडबंदरची खाडीसुद्धा दोन दिवस सरळ वाहायची, असं मी शाळेत शपथेवर सांगायचो. एका गिऱ्हाईक मास्तरांनी बाबांना सांगितलेलं, सुतार हा शब्द सूत्रधारावरून आला, म्हणजे सूत धरणारा. तेव्हापासून त्यांचं पालुपद एकच, "रंधा काय, कुणीपण मारेल रे. सूत धरतो तो सुतार." मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उठून फिरू लागले, पण उजवा हात थरथरायचा. तरी "ताईच्या लग्नातला पाट मीच करणार" म्हणत बाबा फळी मांडून बसले. सुताचं दुसरं टोक मी धरलं. त्यांनी सूत सोडलं आणि रेघ पार वाकडी उमटली. फळीकडे न बघता त्यांनी विचारलं, "कशी आलीय?" "एकदम सरळ, बाबा," मी म्हणालो, "शेजारी पट्टी ठेवली तर पट्टीच वाकडी दिसेल." बाबा हसले. बोटाने त्यांनी ती रेघ पुसली, सूत गुंडाळून माझ्या हातात दिलं. "स्टेशनपलीकडे वेस्टला रेडीमेड पाट मिळतो, तो आण." लग्नात व्याह्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? बाबा म्हणाले, "काही नाही, घरीच असतो." थापा मी अजूनही मारतो, पण वाकड्याला सरळ म्हणायची हिंमत पुन्हा झाली नाही.