फिलूची वाळूची पिशवी

फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही तळहात पांढरेफेक होते. भिंत चढायच्या आधी हाताला खडूची पूड चोळतात, घामाने पकड सुटू नये म्हणून. त्या पुडीच्या बोटांचं फोनची काच काही केल्या ऐकेना. मी बोट फिरवतेय, फोन वाजतोय, वर इग्नेशियसचं नाव... कमरेला दोर बांधून झालेला, त्या दिवसापुरती दोर धरायला तिथली शिकवणारी मुलगी, गाठ तपासून झालेली. शेवटी पँटला बोटं पुसली नि फोन घेतला. "सुरेखा," फिलूचा नवरा म्हणाला, "गेली गो." मी गाठ सोडली, बूट बदलले आणि परळच्या हॉस्पिटलपर्यंत चालत गेले. सकाळी तिथूनच आले होते. आले कसली, फिलूने हाकलून दिलं होतं. "आज मंगळवार. इथे माझं तोंड बघत काय बसलीयेस? जा, चढ जा." बोलताना धाप लागत होती, पण हुकूम सोडायची खोड काही गेली नव्हती.

फिलू म्हणजे फिलोमिना. परळच्या शाळेत पाचवीपासून आम्ही दोघी एका बाकावर. ती परळच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतली, मी लालबागच्या चाळीतली, घरी मालवणी बोलणारी. ती अंगाने काटकुळी, मी भरलेली. 'भरलेली' हा माझ्या आईचा शब्द, बाकीचे सरळ जाडी म्हणायचे. पुढे फिलूने घरीच शिवणकाम सुरू केलं, लग्नाचे पांढरे गाऊन आणि लहान मुलींचे चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचे फ्रॉक. मी बँकेत चिकटले. लग्न केलं नाही. आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं, भावाच्या मुलांचं केलं, आणि स्वतःचं स्वतः निस्तरलं. आपला भार कुणावर टाकायचा नाही, हा माझा खाक्या. फिलूला तो अजिबात आवडायचा नाही. "तू बसमध्ये सीटवर पण अर्धीच बसतेस," असं म्हणायची ती. खोटं नव्हतं ते.

साठी ओलांडली आणि माझी साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, चाला. मी बागेत जायचे, एखाददुसरी फेरी मारायचे आणि बाकावर बसून शेंगदाणे खायचे. फिलूची पाठ मशीनवर वाकून वाकून आखडलेली. एकदा ती परळच्या एका टॉवरमध्ये गाऊन पोचवायला गेली होती. येताना शेजारच्या जुन्या गिरणीच्या शेडमध्ये डोकावली, तर आत ही भलीमोठी उंच भिंत, तिच्यावर रंगीबेरंगी खुंट्या आणि त्या धरून लटकलेली माणसं. तशीच तडक माझ्याकडे आली आणि दारातूनच विचारलं, "तुझ्याकडे पँट आहे काय गो?" म्हटलं, कशाला? तर म्हणे, भिंत चढायला. मला वाटलं, हिच्या घराला रंग काढायचाय आणि कामाला माणूस मिळत नाहीये.

इग्नेशियस तर उखडलाच. हा फिलूसारखाच काटकुळा गृहस्थ एका ऑफिसातून निवृत्त झाला, तो थेट खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसला आणि तिथेच राहिला. "माकडं झालात काय दोघी या वयात? हातपाय मोडले तर आधी कुणाला नेऊ हॉस्पिटलात, हिला की तुला?" त्यावर फिलू म्हणाली, "जी जवळ पडली असेल तिला ने." आणि पुढच्या मंगळवारी आम्ही दोघी, मी भाचीची ट्रॅकपँट घालून आणि ती स्वतः शिवलेली, त्या भिंतीखाली उभ्या राहिलो.

तिथली रीत साधी आहे. भिंतीच्या माथ्यावर कडी, कडीतून दोर ओवलेला. त्याचं एक टोक चढणारीच्या कमरपट्ट्याला, दुसरं खाली उभ्या असलेल्या जोडीदारणीच्या. ती चढत गेली की हिने दोर ओढून घ्यायचा, तिचा हात सुटला तर हिने धरायचं. आणि वर पोचलं की दोन्ही हात सोडून चक्क दोरात मागे बसायचं, मग खालची आपल्याला हळूहळू उतरवते. शिकवायला मिताली नावाची मुलगी होती, गोड पण कडक. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काकू, खुंटीला मिठी मारू नका. ती कुठे पळून जात नाहीये." फिलू मात्र सरसर गेली. अर्ध्यावर पोचून दोरात बसली, पाय हलवत म्हणाली, "सुरेखा, काय मस्त वारा येतो गो इथे! डब्यात काय आणलंयस?" सगळी शेड वर बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एका मंगळवारी माझा पाय घसरला. मी खाली आणि फिलू वर! माझं वजन तिच्या जवळजवळ दुप्पट. मी पडले तशी ती खालून सुर्रकन उचलली गेली आणि भिंतीच्या मध्यावर आम्ही समोरासमोर आलो, नाकाला नाक लागायचं बाकी. "काय गो, कुठे निघालीस?" फिलूने विचारलं. खाली मिताली ओरडतेय आणि ही हवेत लटकून खो खो हसतेय. मीही हसले, पण माझ्या वजनाने हिला काही झालं असतं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्यावर तिथे उपाय असतो. खालची व्यक्ती हलकी असेल तर तिच्या कमरेला पट्ट्याने वाळूची पिशवी जोडतात, म्हणजे ती उचलली जात नाही. मितालीने एक जाड कॅनव्हासची पिशवी ओढत आणून फिलूच्या पायाशी ठेवली. फिलूने तिला पायाने ढोसून बघितलं. पिशवी ढिम्म. "अरे, हा तर आमचा इग्गी! एकदा बसला की उठायचं नाव नाही." तेव्हापासून ती पिशवी इग्गी. "मिताली, इग्गीला घेऊन ये गं," "सुरेखा, इग्गीवर पाणी सांडू नकोस." पुढच्या खेपेला घरून सुईदोरा घेऊन आली आणि माझी चढायची पाळी येईपर्यंत पिशवीच्या पट्ट्यावर लाल दोऱ्याने नाव भरून टाकलं. गाऊनवर फुलं भरायचे हात ते, अक्षरं कशी टपोरी आली! मला पिशवी कधीच लागायची नाही. मी धरायला असले की फिलू म्हणायची, "तू खाली आहेस ना, मग मला कसली भीती? तुला तर भूकंप पण हलवणार नाही."

पण मी? मी वर जायचे. सुरुवातीला चार खुंट्या, मग अर्धी भिंत, वर्षभराने माथा. साखर उतरली, गुडघे कुरकुरायचे थांबले, चाळीचे जिने मी न थांबता चढू लागले. फक्त उतरताना हात सोडायचे नाहीत. खुंटी खुंटी चाचपत, पाय शोधत, घामाघूम होत मी उलटी उतरून यायचे. अख्ख्या शेडमध्ये असं उतरणारी मी एकटी. फिलू खालून ओरडायची, "सोड की! मी आहे, इग्गी आहे, किती माणसं पाहिजेत तुला?" मी म्हणायचे, पुढच्या वेळी. एकदा ती खरंच चिडली. घरी चालत येताना म्हणाली, "जन्मभर लोकांना धरलंस. तुला कुणी धरलेलं तुला बघवतच नाही. भाव खातेस नुसती." आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही. मंगळवारी मात्र दोघी वेळेवर हजर.

नंतर नंतर फिलू फारच छान चढायला लागली. भिंतीला वरच्या अंगाला एक छज्जा आहे, पुढे आलेला, तिथे भलेभले टांगून राहतात. ती तो पार करायला लागली. सगळे टाळ्या वाजवायचे. पँटची कंबर तिने आत घेतली, मग आणखी आत घेतली, आणि मला टेप लावून दाखवली. "बघ, टेप खोटं बोलत नाही." मला असूया वाटायची, खरं सांगते. पण तिला उतरवताना दोर माझ्या हातात असायचा ना... आधी तिचं वजन हाताला जाणवायचं, दोर ताणलेला असायचा. आता तो ओढच देईना. ती पतंगासारखी तरंगत यायची, मला दोर पुढे सारावा लागायचा. आणि एक दिवस मी वरून नुसती जराशी कलले, तर खाली फिलू इग्गीसकट पुढे सरकली. मितालीने मुकाट्याने दुसरी पिशवी आणून जोडली. मी उतरून आले आणि म्हटलं, "फिलू, उद्या डॉक्टरकडे जायचं." ती म्हणाली, "वेडी काय तू? मी कधी एवढी फिट नव्हते." "माझ्या हातांना कळतंय," मी म्हटलं. तेव्हा मात्र तिने माझ्याकडे नीट बघितलं, आणि आली.

पोटाचा कॅन्सर निघाला, बराच पुढे गेलेला. इग्नेशियस डॉक्टरांसमोर नुसता बसून राहिला. फिलूने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "मंगळवार सोडून कुठल्या वारी औषध देता येईल?" डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी शुक्रवार दिला. ती डोक्याला स्कार्फ बांधून येत राहिली. छज्जा सुटला, मग माथा सुटला, मग अर्ध्यावर जाऊन दोरात बसायची आणि वारा खायची. मी खालून धरलेली असायचे. शेवटी शेवटी तिच्याने चढवायचं नाहीच, मी तिला नुसती दोराने वर घ्यायचे, देवळातली घंटा ओढतात तशी. ती वर बसून सगळ्यांच्या चुका काढायची. हॉस्पिटलात पडल्यावर एकदा म्हणाली, "एकच राहिलं बघ. तुला हात सोडलेलं बघायचं होतं." मी म्हटलं, बरी हो, मग बघ. ती म्हणाली, "मला उगाच लालूच दाखवू नकोस. माझ्यासाठी नको सोडू. पण सोड. दुसऱ्या कुणाला तरी धरायला लाव." मी तिचं पांघरूण नीट केलं.

ती गेली आणि माझे मंगळवार घरी जायला लागले. एक, दोन... साखरेने परत डोकं वर काढलं. मला माझाच राग येत होता, पण पाय उचलत नव्हता. महिन्याच्या मिस्साला, म्हणजे तिच्यासाठीच्या प्रार्थनेला, चर्चमध्ये गेले. बाहेर पडल्यावर इग्नेशियस जवळ आला. शर्टाची कॉलर उलटी मुडपलेली, फिलू असती तर तिथल्या तिथे ओरडली असती. म्हणाला, "तू जातेस काय अजून तिथे?" म्हटलं, नाही. "का?" म्हटलं, धरायला कोण आहे? तो बुटांकडे बघत म्हणाला, "मला सांगून गेलीय ती. दोर धरायला शीक म्हणाली. मी म्हटलं, मला नाही जमायचं. तर म्हणाली, तुला बसता येतं, तेवढं पुरे." मला हसू आलं आणि मग ते आवरेना. चर्चच्या पायरीवर आम्ही दोघं हसत होतो, रडत होतो, लोक बाजूने जात होते.

मितालीने त्याला शिकवलं. गडी हट्टी निघाला. आरामखुर्चीच्या हाताला दोर बांधून घरी गाठी मारत बसायचा. दोर एकदाही सोडला नाही. मितालीने पास केलं तो परवाचा मंगळवार. मी कमरपट्टा चढवला, गाठ मारली. त्याने माझी गाठ तपासली, मी त्याच्या पट्ट्याची कडी. मग मितालीने पिशवी ओढत आणली, कारण तो काटकुळा आणि मी मी. पट्टा कमरेला अडकवताना त्याचं लक्ष त्या लाल दोऱ्याकडे गेलं. त्याने चष्मा वर केला, अक्षरांवर अंगठा फिरवला.

"हे काय?"

"तुझंच नाव. फिलूने भरलंय. मला धरताना हा तिच्या कमरेला बांधलेला असायचा. दर मंगळवारी."

"मला वाटायचं, मला घरी टाकून जाते..." तो म्हणाला. त्याने पट्टा ओढून घट्ट केला आणि दोर हातात घेतला. "चढ," म्हणाला.

मी चढले. अर्ध्यावर, जिथे ती बसायची तिथे, वारा लागला. छज्ज्याच्या बाजूने वर गेले, माथ्याच्या कडीला हात लावला. आता उतरायचं. सवयीने उजवा पाय खालची खुंटी शोधायला लागला... आणि मी त्याला थांबवलं. खाली बघितलं. इग्नेशियस मान वर करून उभा, दोन्ही हात दोरावर, पायाशी पिशवी. आयुष्यभर या माणसाच्या हातात मी साधी भाजीची पिशवी दिली नव्हती. "धरलंस?" मी ओरडले.

"धरलंय गो! सोड!"

मी एक हात सोडला. मग दुसरा सोडला. मागे बसले... आणि दोराने मला घेतलं. माझं सगळं वजन, उरलंसुरलं काही न ठेवता. खाली पिशवी थोडी उचलली गेली, इग्नेशियस चवड्यांवर आला आणि परत घट्ट उभा राहिला. मी हळूहळू खाली येत होते आणि मोठमोठ्याने रडत होते, आणि मला कुणाचीही लाज वाटत नव्हती.

पाय जमिनीला लागले. इग्नेशियसने दोर सैल केला, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि कमरेचा पट्टा सोडला. पिशवी हाताने सरळ करून, नाव वर येईल अशी भिंतीशी ठेवली. मग भिंतीवरून नजर वर माथ्यापर्यंत नेली.

"मी चढलो तर तू धरशील?" त्याने विचारलं.

"धरेन की," मी म्हटलं. "मला पिशवी लागत नाही."