घरात काय संपलंय?

चाकणच्या आमच्या कंपनीत स्पॅनिशचा वर्ग सुरू होणार होता, तेव्हा नोटीस बोर्डावरच्या यादीत मी माझ्या हातानं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यावर लाल रेघ. ट्रेनिंगच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, "ताई, हा वर्ग इंजिनियर लोकांसाठी आहे. तुम्ही लाइनवर. तुम्हाला काय करायचंय स्पॅनिश?"

काय करायचंय ते मला पक्कं ठाऊक होतं. आदल्या वर्षी स्पेनहून एक पाहुण्या बाई आल्या होत्या. मी वायरी कशा बांधते ते बघत त्या माझ्या टेबलाशी थांबल्या आणि मला काहीतरी विचारलं. उत्तर याच साहेबांनी दिलं. हातवारे करून ते जे दाखवत होते, ते भलत्याच टेबलाचं काम होतं. बारा वर्षं तेच काम करणारी मी मात्र मूग गिळून हसत उभी! त्या हसण्याचा मला अजून राग येतो. पुढच्या खेपेला माझ्या कामाबद्दल मीच बोलणार, असं तेव्हाच ठरवलं होतं.

मग मोबाइलवर शिकायला लागले. देहूरोडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आम्ही बायका भाजी निवडत घरी जातो. माझ्या मांडीवर मेथी आणि एका कानात हेडफोन. धडा होता बाजाराचा बेत ठरवण्याचा. "पोर के नो वामोस आल मेरकादो?" मी मोठ्यानं म्हटलं, मागोमाग मराठीतही: आपण बाजारात का जाऊ नये?

शेजारची म्हणाली, "अगं, इचारतीस कुणाला? जायाचं तर आपल्यालाच हाय!"

सगळी बस हसली. मीही हसले, पण वाक्य सोडलं नाही. मेथीची जुडी संपेपर्यंत घोकलं.

शनिवारी शिफ्ट सुटली की मी वर्गाच्या दारात जाऊन उभी राहायचे. आत बसायला बंदी होती, ऐकायला कुणी केली नव्हती. तिसऱ्या शनिवारी नेमका तोच धडा निघाला. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याहून यायच्या, माझ्यापेक्षा लहान, पण कडक. त्यांनी पहिल्या बाकावरच्याला विचारलं, "के आसे फाल्ता एन कासा?" घरात काय आणायला हवंय? त्यानं पुस्तकातलं वाचून दाखवलं. पाव, चीज, वाइन.

"पुस्तकातल्या घरात नाही," मॅडम मराठीत म्हणाल्या. "तुमच्या घरात."

एवढे शिकलेले पुरुष, पण घरातलं तेल संपलंय की आहे, हे एकालाही सांगता येईना. एकानं विचारलं, "मॅडम, मिसेसला फोन करू का?" मागच्या बाकावर साहेबही होते. ते पंख्याकडे बघत बसले.

मला राहवेना. दारातूनच सुरुवात केली. तेल संपलंय. तांदूळ संपत आलाय. कांदे दोनच उरलेत. उद्या सकाळी पिंपरीच्या मंडईत का जाऊ नये? मोडकंतोडकं बोलले, पण सगळं स्पॅनिशमध्ये. मॅडम विचारत गेल्या, मी सांगत गेले, आणि बोलता बोलता केव्हा आत आले ते मला कळलंच नाही.

साहेब म्हणाले, "ताई, तुमचं नाव यादीत नाहीये."

"होतं सर. तुम्ही खोडलंत."

मॅडमनी हजेरीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो उचलून साहेबांच्या बाकावर ठेवला, पेन पुढे केलं आणि म्हणाले, "पोर के नो लो एस्क्रीबे उस्तेद?"

साहेबांना कळलं नाही. त्यांनी मॅडमकडे बघितलं. "काय म्हणतायत या?"

"तुम्हीच का लिहीत नाही, असं विचारतायत."

साहेबांनी पेन घेतलं. नुसतं नाव लिहून थांबले, तर आडनावही लिहायला लावलं मी.