मशीन फेकून देणारा बाप

हिंगोलीच्या एका कॉलेजात प्रेरणादायी उद्योजिका म्हणून माझा सत्कार होता. औंढ्याजवळच्या आमच्या तांड्यावर मी शाळेचे गणवेश शिवण्याचं केंद्र चालवते. तांड्यातल्याच बायका तिथं शिवतात. एवढंच माझं कर्तृत्व. सत्काराला मी बाला, म्हणजे माझ्या वडलांना, सोबत नेलं. धुतलेलं धोतर नेसून आणि नवा फेटा बांधून तो दुसऱ्या रांगेत कॉलेजच्या पोरींच्या मधोमध बसला.

सूत्रसंचालन करणाऱ्या सरांचा आदल्या दिवशी फोन आला होता. "घरून विरोध झाला असेल ना ताई?"

"न्हाई सर. तांड्यातले काही लोक बोलले, पोरीला मशीन काहून म्हणून. बा मातर माझ्या बाजूनं होता."

खरं तर शिवणकामाच्या क्लासला मला बानंच घातलं. रोज सायकलवर औंढ्याला न्यायचा आणि क्लास सुटेपर्यंत देवळाजवळच्या हारफुलांच्या दुकानापाशी बसून राहायचा. पहिली मशीन त्यानंच बसच्या टपावर चढवून आणली. उतरवताना अंगठा चेचला, तरी आधी मशीनला काही झालं का ते पाहिलं.

सरांनी माईक हातात घेतला. "मुलींनो, विचार करा! ज्या बापानं शिलाई मशीन अंगणात फेकून दिली, चूल सांभाळ म्हणाला, त्याच बापाची लेक आज साऱ्या तांड्याला काम देते!"

मी बाच्याकडे पाहिलं. त्यानं ऐकलं होतं. टाळ्या सुरू झाल्या, तसं त्यानं एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि तोही टाळ्या वाजवायला लागला.

खुर्चीत बसवेना आणि उठताही येईना. बोलायची पाळी आली तेव्हा पाठ केलेलं सगळं विसरले होते. कशीबशी म्हणाले, "सरांची काहीतरी चूक झाली. माझ्या बानं मशीन फेकली न्हाई. त्यानंच आणली. तो इथंच बसलाय." सर लगबगीनं आले, माझ्या हातातून माईक घेतला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "पाहिलंत? याला म्हणतात मोठं मन! आज आपल्या सर्वांसमोर तिनं बापाला माफ केलं."

टाळ्या थांबेनात. पोरी वळून वळून बाच्याकडे पाहत होत्या, एकदोघी डोळे पुसत होत्या. कुणीतरी त्याला उभं केलं. माफी मिळालेल्या माणसासारखे हात जोडून तो उभा राहिला आणि मी खांद्यावरची शाल सावरत खाली बघत राहिले. तेव्हाच माईक ओढून घ्यायला हवा होता. धीर झाला नाही.

चहाच्या वेळी एक पोरगी हळूच जवळ आली. "ताई, खरंच फेकली नव्हती?"

"न्हाई गं."

"माझे पप्पापण अडवत न्हाईत. मला वाटायचं, मग आपल्याकडं सांगायसारखं काय हाय?"

"मग लाग की कामाला," मी म्हणाले. ती हसली. त्या दिवशी मी नीट बोललेलं तेवढं एकच वाक्य.

परतीच्या बसमध्ये मी बाला विचारलं, "तुला राग न्हाई आला?" आम्ही घरची बोली गोरमाटी बोलतो, तरी हे मला तिच्यातही धड विचारता आलं नाही.

"काहून येईल? तसं सांगावं लागत असंल. लेकरायला हुरूप येतो."

"पण ते खोटं हाय, बा."

त्यानं खिडकीची काच सरकवली. मग म्हणाला, "तुझी माय असती तर त्या सराला लई बोलली असती." आणि हसला. मला हसता आलं नाही.

पेपरात बातमी आली, तीही अंगणात फेकलेल्या मशीनसकट. मी सरांना फोन केला. "ताई, लोकांना संघर्ष लागतो," ते म्हणाले, अगदी मायेनं. तेव्हापासून मी सत्काराची आमंत्रणं घेत नाही.

मागच्या आठवड्यात बटणांची पाकिटं वेगळी करता करता बानं विचारलं, "आता बोलवत न्हाईत का गं कुठं? पोरी चांगल्या होत्या त्या. मी आलो असतो."

"न्हाई बोलवत," मी म्हणाले. सत्काराला या म्हणून पुसेगावच्या शाळेचा फोन सकाळीच येऊन गेला होता.