विहीणबाईंचा काना

आमच्या होणाऱ्या विहीणबाई स्वीडनहून दहा दिवसांसाठी सिंगापूरला आल्या होत्या, आणि रविवारी दुपारी त्यांना घरी जेवायला बोलावून मी गार जेवण द्यायचं ठरवलं. हे ऐकून नवरा म्हणाला, "अगं, मुलाची आई पहिल्यांदा घरी येतेय आणि तिला गार? पोळी तव्यावरून ताटात आली नाही तर तुझंच तोंड वाकडं होतं." त्याचं खरं होतं. पण लेकीने सांगितलं होतं की त्यांच्याकडे सणासुदीला असंच असतं. व्हिनेगरमध्ये मुरवलेले मासे, सॅल्मन मासा, अंडी, चीज, कुरकुरीत पाव, सगळं एका टेबलावर मांडून ठेवायचं आणि ज्याने त्याने उठून वाढून घ्यायचं.

"आणि आई, प्लीज, फोर्स नको करूस हं," तिने इथल्या सिंगापुरी ढंगात बजावलं. "तिकडे कोणी आग्रह करत नाही. इट्स रूड, लाह."

या वाक्याने माझी झोप उडवली होती. लग्नानंतर ती तिकडेच राहायला जाणार होती, आणि माझ्या लेकीची एक खोड आहे. पहिल्यांदा विचारलं की ती नकोच म्हणते. पोटात कावळे ओरडत असले तरी नकोच. दुसऱ्यांदा विचारलं की मग ताट पुढे करते. लहानपणी शाळेच्या सहलीला कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही म्हणून ती दिवसभर उपाशी राहिली होती आणि घरी येऊन माझ्यावरच चिडली होती. आग्रह नाही अशा घरात हिचं कसं व्हायचं, हे मी कोणाला विचारणार? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "अठ्ठावीस वर्षांची घोडी आहे ती, घेईल वाढून." वडिलांना काय कळतंय. मला त्या बाईंना प्रत्यक्ष पाहायचं होतं.

तयारीला तीन दिवस लागले. मासे बाटलीत तयार मिळाले, तेही एका स्वीडिश फर्निचरच्या दुकानात. जिथे कपाटं विकतात तिथेच मासेही विकणाऱ्या लोकांशी सोयरीक होतेय, हे मी तेव्हाच मनाशी कबूल केलं. एक तुकडा चाखला तर आमच्या लिंबाच्या गोड लोणच्यात कोणी मासा बुडवावा तसं लागलं. सॅल्मनला मीठ, साखर आणि मिरी चोळून वर शेपूची गादी घालायची, दोन दिवस फ्रिजमध्ये दाबून ठेवायचा. शेपू म्हटल्यावर मी लिटिल इंडियात जाऊन चार जुड्या आणल्या आणि दाबायला वर तूरडाळीच्या दोन पिशव्या ठेवल्या. जन्मभर माझ्या शेपूच्या भाजीला नाक मुरडणारी लेक फ्रिज उघडून म्हणाली, "वाव, स्मेल्स सो नाइस." मी फ्रिजचं दार लावून टाकलं. बोलले असते तर फार बोलले असते.

रविवारी सकाळी कळलं की इथल्या हवेत गार जेवण गार राहत नाही. अकरा वाजता मांडलेलं लोणी सव्वाअकराला बशीभर पसरलं. मग एसी अठरावर नेला, ताटांखाली बर्फाचे ट्रे सरकवले. नवरा स्वेटर घालून बसला, मुद्दाम, मला दिसेल असा. शेवटी राहवेना म्हणून मी चिकनचे छोटे गोळे तळून गरम ठेवले. तेही त्यांच्याकडच्या जेवणात चालतात असं वाचलं होतं, त्यामुळे मन खात नव्हतं.

विहीणबाई आल्या, सोबत होणारा जावईही. उंच, माझ्याच वयाच्या, केस बारीक कापलेले. कोणी न सांगता त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, तिथे मी त्यांना निम्मे गुण देऊन टाकले. टेबल बघून त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले आणि इंग्रजीत म्हणाल्या की त्यांच्या आईच्या घरी आल्यासारखं वाटतंय. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी वाढून घेतलं. दोन तुकडे मासा आणि एक उकडलेला बटाटा. बास, तेवढंच. सॅल्मनकडे पाहिलंसुद्धा नाही. जावई तसाच, आणि त्यांचं बघून माझी लेकही तशीच. सावकाश खाल्लं, काटा-सुरी ताटात आडवी ठेवली आणि शांत बसून राहिले. तीन दिवस खपून केलेलं टेबल तसंच्या तसं भरलेलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते, कारण पाहुणे जेवत असताना मी कधी बसतच नाही. त्यांच्या घरी एवढंच खातात आणि एवढंच विचारतात, माझी पोर वाळून जाणार.

लेकीला दिलेला शब्द मोडला. गोळ्यांचं भांडं उचललं, थेट विहीणबाईंच्या मागे जाऊन उभी राहिले आणि डाव त्यांच्या ताटावर नेला. त्यांनी चटकन ताटावर हात धरला, वर पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "बस."

मी बसले.

खरंच बसले, शेजारच्या खुर्चीवर, मांडीवर भांडं आणि हातात डाव घेऊन. विहिणीला कोणी एकेरी 'बस' म्हणत नाही. माझी आई गेल्यापासून मला कोणीच तसं म्हटलं नव्हतं, आणि पाय आपोआप दुमडले.

सगळे माझ्याकडे बघत होते. लेक हसत सुटली. "आई, मी त्यांना 'बास' शिकवलं होतं! तू फोर्स केलंस तर म्हणायला!"

काना तेवढा गळला होता. मग लेकीने दोन्हीकडचं दोघींना समजावलं. मुरवलेले मासे आधी बटाट्याबरोबर खायचे, मग ते ताट बाजूला ठेवून स्वच्छ ताट घ्यायचं आणि पुढचं वाढायचं, अशा चार-पाच फेऱ्या. म्हणजे आमच्या उष्ट्या-खरकट्यासारखंच, माशाच्या ताटात दुसरं काही वाढून घेणं त्यांना चालत नाही. जेवण संपलं नव्हतं, जेमतेम सुरू झालं होतं.

'बस' म्हणजे खाली बसणं, हे कळल्यावर विहीणबाई उठल्या. मीही उठायला लागले तर माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या पुन्हा म्हणाल्या, "बस." या वेळी काना गळला नव्हता, नकोच होता. त्यांनी स्वच्छ ताट घेतलं, दोन तुकडे मासा आणि एक बटाटा वाढून माझ्यापुढे ठेवलं. सकाळपासून मी चहावर होते. मी मुकाट्याने खाल्लं.

"अजून एक बटाटा?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नको, नको," मी म्हणाले.

त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि उत्तराची वाट न बघता बटाटा माझ्या ताटात ठेवला.

"गेल्या नाताळात तुमची मुलगी पंधरा दिवस आमच्याकडे होती," त्या म्हणाल्या. "तीही पहिल्यांदा नकोच म्हणते. मी दुसऱ्यांदा विचारते."