विजेचा नगारा

मुलुंडला आमच्या चाळीजवळच्या देवळात एक कोकणी गृहस्थ रोज संध्याकाळच्या आरतीला पखवाज वाजवायचे. संपात त्यांची गिरणीतली नोकरी सुटली, पण आरती सुटली नाही. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एके दिवशी देवळात विजेवर चालणारा नगारा आला. बटण दाबलं की टिपऱ्या आपोआप पडायच्या, घंटाही वाजायची.

विश्वस्त म्हणाले, "आता तुम्ही नुसते हात जोडून उभे राहा."

गृहस्थांचा चेहरा लालबुंद झाला. "देवान माझ्या हातात ताल दिल्यान. तो देवाक परत काय तुमचा बटण देतला?" असं ओरडून पखवाज उचलून ते तरातरा निघाले. माझंही डोकं तापलं होतं. मी त्यांच्या मागोमाग गेलो.

आपल्या खोलीतल्या देव्हाऱ्यापुढे त्यांनी दोन्ही मुलींच्या हातांत झांजा दिल्या आणि पखवाज असा बडवला की फळीवरची भांडी हादरली.

बायको घाबरून म्हणाली, "अवो, देवासमोर इतको राग बरो नाय."

"माणूस घरच्यांवरच रागावता," ते वाजवतच म्हणाले. "देव काय परको आसा?"

दारात उभ्या असलेल्या मला त्यांनी मानेनंच आत बोलावलं. मी चपला काढल्या.