शिरपूरवालीचा पुकारा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिला माझं सगळं ठाऊक आहे — माझी मूळव्याध, माझी चोरून ओढलेली बिडी — हे एक सोडून. तुम्हाला सांगतो, कारण परवा पुन्हा एकदा अंगावर शाल पडली आणि ती तिथंच टराटरा फाडावीशी वाटली.

दानशूर म्हणतात मला. कोर्टातून निवृत्त झाल्यापासून मी गावोगाव कानाची शिबिरं भरवतो, म्हाताऱ्यांना कानयंत्रं वाटतो. भाषण करणारे सांगतात, ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा हा माणूस कान आहे. असं बोलणाऱ्यांचा मला संताप येतो. आणि खाली मान घालून ते ऐकून घेणाऱ्या माझा — त्याहून जास्त.

तालुक्याच्या कोर्टात मी शिपाई होतो. पुकारा माझ्याकडे. दारात उभं राहायचं, पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं. आला तर आत, नाही तर गैरहजर. आवाज असा, की रस्त्यापलीकडच्या टपरीवरचा माणूस चहा टाकून धावत यायचा. माज होता मला त्या आवाजाचा. खोटं कशाला बोलू?

आता एक समजून घ्या. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळात नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, आणि बहुतेक वेळा ते त्या ताटातच राहतं. कागदावर तेवढं चढतं. गाव तिला हाक मारतं माहेरच्या गावावरून. म्हणून बाईचा पुकारा असला की मी कागदावरच्या नावामागे 'मानोरावाली', 'कारंजावाली' असं जोडायचो. नियमात नव्हतं ते. माझी रीत होती.

शिरपूरवाली स्वतःच्या मळ्यातली भाजी विकायची. नवरा वारला, तसा दिरानं मळा माझा म्हणून दावा लावला. तिच्या तारखेच्या आधीच्या बाजारात मी तिच्या दुकानातून सांबाराची जुडी — कोथिंबीर हो, आम्ही सांबार म्हणतो — उचलली आणि चालू लागलो. कोर्टाचा माणूस म्हणून सगळेच द्यायचे. तिनं भर बाजारात माझ्या हातातून ती काढून घेतली.

"तुमी शिपाई हा भाऊ, जज नाही. अन् जजालेही मी सांबार फुकट देत नाही."

लोक हसले. ती खरं बोलली होती, म्हणूनच ते जास्त झोंबलं.

तारखेचा दिवस. आधीच्या दोन तारखांना ती तापानं पडून होती, ही शेवटची संधी. वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला. ती एकटीच सकाळपासून कोर्टासमोरच्या निंबाखाली बसलेली, कागदांची पिशवी मांडीवर. मी तिला पाहिलं होतं.

मी पुकारलं. कागदावरचं, त्या तांदळातलं नाव — शकुंतला. त्या नावानं तिला कधी कुणी हाक मारली नव्हती. तीनदा. शिरपूरवाली म्हणालो नाही. आजवर मी स्वतःला एवढंच सांगत आलो — जे लिहिलं होतं ते वाचलं, त्यात गुन्हा कोणता?

तेही खोटं. कागदावर नवऱ्याचं नाव होतं, आडनाव होतं. ते कानावर पडतं तर ती उठली असती — म्हणून ते मी ओठातल्या ओठात गिळलं. तिसऱ्या हाकेला तिनं वर पाहिलं, थेट माझ्याकडे. मी पाठ फिरवली आणि आत जाऊन सांगितलं, गैरहजर.

एका जुडीसाठी. ऐकताय ना?

मळा दिराला गेला. वकिलानं तिला सांगितलं, नाव तीनदा पुकारलं होतं, तूच उठली नाहीस. मी पुढं बढती मिळून बेलीफ झालो.

गेल्या वर्षी धनजच्या शिबिरात ती रांगेत उभी होती. तपासणाऱ्या बाईंनी दोनदा तपासलं. म्हणाल्या, कान ठणठणीत आहेत, यंत्र कशाला? शिरपूरवाली ऐकेना. माझ्याकडे वळली.

"तुमीच सांगा या बाईले, भाऊ. कोर्टात तुमी तीनदा पुकारलं. मी निंबाखालीच बसून होती, मले ऐकू नाही आलं. तवापासूनच माहे कान गेले."

इतकी वर्षं ती स्वतःला बहिरी समजत होती. एक वाक्य पुरलं असतं तिथं. तोच आवाज, तेच तोंड. मी काय बोललो? म्हणालो, देऊन टाका त्यांना. आणि माझ्या हातानं ते यंत्र तिच्या धडधाकट कानात बसवलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाला.

आता ती दुसऱ्याच्या मळ्यातली भाजी घेऊन बाजारात बसते. मी दिसलो की कानाला हात लावून दाखवते, हसते, आणि माझ्या पिशवीत सांबाराची जुडी टाकते. फुकट.

मी घेतो.