गेमच्या मशीनची पट्टी

फोन ऑफिसात आला. जळगावची तापलेली दुपार, मी फायली बांधत होतो. पलीकडून मधूच्या बायकोचा, सुमनवहिनींचा भाऊ म्हणाला, "मधूभाऊ गेले. नरडाण्याच्या स्टेशनवर." आणि मी विचारलं, "कुठे गेले?" ... मधू नेहमी कुठेतरी गेलेलाच असायचा. धुळ्याला घरी विचारावं तर रावेरला, रावेरला विचारावं तर भुसावळला. पलीकडे कोणी बोलेना, तेव्हा मला कळलं. बाकावर गाडीची वाट बघत बसला होता म्हणे. छातीत कळ आली, तेवढंच. पन्नाशीही गाठली नव्हती.

त्याला आता सहा आठवडे झाले. माझं मन थाऱ्यावर नाही. लिहायला बसतो, उठतो, गॅलरीत जातो, परत बसतो. एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सोडून बाकीचंच आठवत राहतं.

आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी कारकून झालो, तो दीपनगरच्या वीजकेंद्रात फिटर म्हणून लागला. पक्की नोकरी, क्वार्टर, सगळं. दोन वर्षांत सोडून आला. कारण विचारलं तर म्हणे, "कॉलनीतली बठ्ठी घरं सारखी. मले मन्हंच घर सापडे ना." मग मुंबईत बंद पडलेल्या एका पार्लरमधून त्याने व्हिडिओ गेमचं जुनं मशीन आणलं. माणसाएवढी उंच प्लायवूडची पेटी, आत टीव्ही, पुढे दांडा आणि बटणं. दुकान घालून बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मशीन टेम्पोत घालून तो बाजाराच्या गावांना न्यायचा, ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर मांडायचा आणि आतून वीज घ्यायचा. सुटीच्या दिवशी मीही जायचो.

त्या मशीनच्या कडेला काळी प्लास्टिकची पट्टी होती. तिच्या पाठीला दातेरी जीभ, ती प्लायच्या खाचेत बसायची. टेम्पोचे धक्के आणि आमच्याकडचं ऊन, दोन्हींनी ती सैल झाली होती. उजव्या बाजूला तर लोंबायलाच लागली. मधू म्हणत होता, "सगळी काढून नीट बसवू, जरा थांब." पण रावेरला त्या दिवशी बाजार भरत आला होता, गर्दी जमत होती. तो वायर ओढायला दुकानात गेला आणि मी हत्यारांच्या पेटीतले तीन बारीक खिळे घेऊन ती पट्टी ठोकून टाकली. दोन नीट गेले. तिसरा वाकडा गेला, त्याचं डोकं वर राहिलं. मला दिसलं होतं... दिसलं होतं, आणि मी हातोडी ठेवून दिली.

तासाभराने एक सात-आठ वर्षांची मुलगी, केळीच्या गाडीवर काम करणाऱ्या माणसाची, पडदा दिसावा म्हणून मशीनची कड धरून उभी राहिली. मागून रेटा आला आणि तिचा हात त्या खिळ्यावरून खाली घसरला. तळहात अंगठ्यापासून मनगटापर्यंत फाटला. बाप धावत आला. "कोनी ठोका हाऊ खिळा?" असं तो ओरडला तेव्हा मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. मधू गर्दीतून पुढे आला, खिळा बघितला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "मन्ही चूक शे, भाऊ. मीच ठोका." बापाने त्याच्या कानाखाली वाजवली. मधूने मुलीला उचललं आणि दवाखान्याकडे निघाला. बाप मागे. मी मशीनपाशी थांबलो, कोणीतरी थांबायला हवं होतं असं स्वतःला सांगत.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला त्याने सगळी पट्टी उतरवली. खिळे उपटले, खाच पातळ पात्याने साफ केली. पट्टी उन्हात मऊ होऊ दिली, वळणाच्या जागी जिभेला बारीक काप दिले, म्हणजे ती कोपऱ्यावर उचलत नाही. खाचेत रबर सोल्युशन भरलं आणि लाकडी ठोकळ्याने हळूहळू पट्टी आत बसवत गेला. वर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळून बांधल्या. दिवसभर एका जागी बसलेला मधू मी तेव्हाच पाहिला. मी म्हटलं, "तू माझं नाव का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तू हे टोक धर." नंतर महिनाभर तो दर दोन दिवसांनी बसने रावेरला जात होता, त्या पोरीची पट्टी बदलायला. "चाल," असं मला एकदा म्हणाला. मला ऑफिस होतं. पुढे मशीन विकलं गेलं आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी धुळ्याला गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. मला वाटत होतं, त्यांना माहीत असेल. त्यांनी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं.

"तुम्ही ठोकला होता?"

"हो."

"मी त्यांना घरात हातोडीला हात लावू दिला नाही, भाऊजी. एवढी वर्षं, त्या पोरीचा हात फाटला तेव्हापासून. कॅलेंडरचा खिळासुद्धा शेजारच्या आबांकडून ठोकून घेतला. चारचौघांत बोलले मी त्यांना... एकदा तरी सांगायचं होतं त्यांनी."

मी खोलीभर बघितलं. आरसा, कॅलेंडर, देवाची तसबीर, सगळं आबांच्या खिळ्यांवर. मधूचा फोटो तेवढा अजून खुर्चीवर टेकवलेला होता, हार सरकून एका बाजूला आलेला. हसत होता, आता उठेल असा.

"मी लावून देतो," मी म्हणालो.

वहिनी नको म्हणाल्या नाहीत. हातोडीही त्यांनी दिली नाही. फोटोवरचा हार सारखा केला आणि चहा ठेवायला आत गेल्या.